बंड्याचा उजवा गाल

प्रश्न : आमचा कुत्रा बंड्या चार वर्षांचा, गावठीच. दूध-भाकरी खाऊन झाली की धावत येऊन सोफ्याला तोंड घासतो. धुतलेली चादर अंथरली असेल तर विचारूच नका. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागलीय. पंधरा दिवसांपासून मात्र भिंतीलाही घासतोय, आणि उजवाच गाल. अधूनमधून चार बेदाणे देतो, ते चालतात ना?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, जेवणानंतर आपण हात पुसतो, तो तोंड पुसतो. त्याचा टॉवेल म्हणजे तुमचा सोफा. शिवाय गालांत, ओठांच्या कडेला कुत्र्याच्या वासाच्या ग्रंथी असतात. धुतलेल्या चादरीला साबणाचा वास. तो आपला लावून टाकतो. ओरडू नका, ताटलीशेजारी जुनं गोणपाट टाका.

पण ‘उजवाच गाल’ वाचून मी थांबलो. सवयीने घासणारा कुत्रा दोन्ही गाल घासतो. एकच बाजू धरली की तिथे काहीतरी खुपतंय, असं मी धरून चालतो.

कान उलटा करून आधी वास घ्या. आंबूस वास, चहाच्या चोथ्यासारखी काळी घाण, आत चिकटलेली गोचीड, काहीही सापडेल. मग ओठ वर करून मागची मोठी दाढ बघा. वरच्या त्या दाढेच्या मुळाशी पू झाला की सूज डोळ्याखाली येते आणि लोक डोळ्यात थेंब घालत बसतात.

गेल्या दिवाळीत जतकडच्या एका मेंढपाळाने कुत्रा आणला होता. घासून घासून गालाचे केस गेलेले, वर हळद थापलेली. भूल देऊन बघितलं तर कानात खोलवर एक कुसळ! त्याचे काटे असे असतात, की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. चिमट्याने ओढून काढलं. म्हणून सांगतो, कानात तेल ओतू नका; पडदा फाटलेला असला तर थेट आत उतरतं. माणसांची वेदनाशामक गोळीही नको. पंधरा दिवस झालेच आहेत, या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आता बेदाणे. तासगावात राहून हे सांगणं जिवावर येतं, पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला अजिबात नकोत. एखाद्याला काही होत नाही, दुसऱ्याची थोडक्यातही मूत्रपिंडं निकामी होतात. लाडाला भाकरीचा तुकडा पुरे.

सासूबाईंना दृष्ट खुशाल काढू द्या. फक्त मीठ-मोहऱ्या त्याच्या डोळ्यांपासून लांब ठेवा.