शाळेला समुद्राशी जोडताना

सर, शाळेच्या उपक्रमासाठी समुद्र-संशोधन संस्थेला पत्र पाठवण्याआधी दिनदर्शिका काढा. आपल्याकडे जुना आडाखा आहे: तिथीच्या पाऊणपट वाजता भरती पूर्ण, त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे तृतीयेला भरती सव्वादोनला आणि सकाळी आठ-सव्वाआठला खडक उघडे. मुलांना न्यायला याहून चांगली वेळ नाही. मी पहिल्या वर्षी अष्टमी धरली. ओहोटी दुपारी बाराला होती खरी, पण भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हाचं, पाणी हटतंय कुठे? पाहुणे संशोधक आणि चाळीस मुलं नुसती उन्हात उभी!

रत्नागिरीच्या आसपास असाल तर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जवळ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना शाळेत बोलवा, मुलं त्यांच्याशी मोकळी बोलतात. कांदळवनासाठी, म्हणजे खारफुटीसाठी, वनखात्याचा कांदळवन कक्ष. कासवांचं काम बघायचं तर वेळास; अंड्यातून पिल्लं यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये बेत करा. पिल्लं दिसतीलच असं मात्र मुलांना सांगू नका.

संस्थेकडून एक भाषण नको, वर्षभराचं काम मागा. एकच खडक, दर महिन्याला तीच तिथी, तीच वही. शिंपले, खेकडे, शेवाळ, प्लास्टिक, सगळं मोजायचं. जिवंत काही पिशवीत येता कामा नये. प्रवाळ आणि समुद्रकाकडीला तर १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आणि हो, गावातल्या एखाद्या कालवं, म्हणजे खडकावरचे शिंपले, काढणाऱ्या आजींनाही बोलवा. कुठला दगड निसरडा, हे संशोधकही त्यांनाच विचारतात.