सीएला आधार, पॅन आणि बँक स्टेटमेंट मेलने पाठवायचंय. मेल एनक्रिप्ट कसा करतात?

तुम्ही चोपड्याहून जळगावच्या सीएला कागद पाठवणार म्हणता, तर आधी माझी फजिती ऐका. मी जळगावात हिशेब लिहितो, केळीचे व्यापारी आणि दोन-तीन सराफ. एका मार्चअखेरीला पत्त्याच्या जागी 'पाटी' एवढंच टाइप केलं, जे पहिलं नाव आलं त्यावर एंटर मारला, आणि एका पाटलांचं स्टेटमेंट दुसऱ्याच पाटलांना गेलं. खान्देशात आमच्या धंद्यात पाटील किती असतात ते सांगायला नको. फाइलला पासवर्ड होता, पण तोही मी त्याच मेलच्या तळाशी लिहिलेला. संध्याकाळी फैजपूरहून फोन : "भो, हाई काय शे?"

जीमेलसारख्या सेवांमध्ये मेल वाटेत बहुधा एनक्रिप्टच, म्हणजे कुलूपबंदच, असतो. पोचल्यावर मात्र तो इनबॉक्समध्ये उघडा पडून राहतो, आणि ऑफिसचा मेल तीन-चार पोरं एकाच पासवर्डने वापरतात. म्हणून कुलूप फाइललाच लावा.

फाइलींचं गाठोडं बांधून त्याला पासवर्ड लावणारं सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कागदांच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ॲड टू आर्काइव्ह' घ्या, फॉरमॅट 'सेव्हन-झेड' ठेवा, पासवर्ड दोनदा टाका आणि 'एनक्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा. ती टिक करायची राहून गेली, तर आत काय आहे ते न उघडताही नावांवरून कळतं. झिप फॉरमॅटच हवा असेल तर 'झिपक्रिप्टो' नको, ते कच्चं आहे, 'एईएस-२५६' निवडा. सीएकडेही सेव्हन-झिप लागेल, हे आधीच सांगून ठेवा.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतोच की, असं म्हणाल. तो म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. सोबत पॅन कार्ड जोडलंत की दोन्ही त्यावर छापलेलं! सीएचं भागत असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

जीमेलचा कॉन्फिडेन्शियल मोड फॉरवर्ड आणि डाउनलोड अडवतो, पण स्क्रीनचा फोटो कोण अडवणार? आणि मजकूर गूगलला वाचता येतोच.

अख्खा मेल एनक्रिप्ट करायचा तर पीजीपी नावाची दोन किल्ल्यांची पद्धत. ही १९९१ पासून आहे, आणि थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून आतच येते. मंदिरातल्या दानपेटीसारखा प्रकार : सार्वजनिक किल्लीने कोणीही आत टाकावं, खाजगी किल्ली असेल त्यानेच उघडावं. मी दोघांना शिकवलं. एकाने कॉम्प्युटर फॉरमॅट केला, किल्ली गेली, जुने मेल कायमचे बंद. शिवाय विषयाची ओळ बरेचदा उघडीच राहते, तिथे पॅन नंबर लिहू नका. वर्षातून दोनदा कागद पाठवायला हा खटाटोप मी तरी करणार नाही.

पासवर्ड फोन करूनच सांगा, आणि त्याच फोनवर सीएचा मेल आयडी अक्षर-अक्षर जुळवून घ्या. पासवर्डमधले आकडे एकेक करून सांगा, जोडीने नको. एकोणसाठ आणि एकोणसत्तरच्या घोळात आमचे एक सराफ अर्धा तास फाइल उघडत बसले होते.