केस येतेल का, मॅडम?

लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आत येणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा पदर बघूनच तो मला आधी ऐकू येतो. उन्हासाठी घेतलेला पदर खोलीत आल्यावर खाली येतो. हा येत नाही. २०२५ च्या जानेवारीत शेगावकडच्या गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा तर उदगीर, निलंगा, अहमदपूरहून फोनवर फोन सुरू झाले. तिकडच्या बहुतेकांचे केस पुढं परत यायला लागले. मी ज्या बायकांबद्दल लिहितेय त्यांचे गेलेले केस येत नाहीत, आणि गाडी नेमकी तिथंच अडते.

सुनंदाताईंचं सांगते. नाव अर्थातच बदललंय. वय ४६, औसा तालुक्यातलं गाव, घरातच शिलाईचं दुकान. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत मशीन चालायची. चार वर्षांपूर्वी भांगाशेजारी रुपयाएवढी जागा मोकळी झाली. तिथं खाज सुटायची, आग व्हायची, फणी लागली की दुखायचं. घरचे म्हणाले, चाई आहे. मग आपल्याकडं जे जे करतात ते सगळं झालं. कांद्याचा रस, लसूण, गुंजेचा लेप, आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं म्हणून बिब्बासुद्धा. बिब्ब्यानं फोड आले ते वेगळेच. कानातलं मोडून एके ठिकाणी सहा महिन्यांच्या तेल-गोळ्यांचं पॅकेज घेतलं, गॅरंटीसकट. तीन वर्षं अशी गेल्यावर त्वचारोगतज्ज्ञांनी टाळूचा बारीकसा तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं: लायकेन प्लॅनोपायलॅरिस.

नाव अवघड आहे, प्रकार समजायला सोपा आहे. टाळूच्या आत सूज येते, आणि ज्या मुळातून दर वेळी नवा केस तयार होतो ते मूळच ती सूज नासवते. जागेवर व्रण राहतो. वरून कातडी गुळगुळीत, चकचकीत दिसते. केसाची छिद्रंसुद्धा दिसत नाहीत. त्यांच्या डॉक्टरांनी हे इतकं छान सांगितलं होतं की मी ते उचललंय. "चाईत पीक वाळतं, पण बी जमिनीत राहतं. तुमच्यात बीच जळालंय. जेवढं रान शिल्लक आहे तेवढं वाचवायचं औषध देतो."

एवढं स्वच्छ ऐकून आलेली बाई पहिल्या भेटीत उठता उठता मला विचारते:

"मॅडम, केस येतेल का?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलेले येणार नाहीत म्हणाले."

"मग?"

"मग म्हणूनच तर तुम्हाला विचारलं."

पुढच्या दोन भेटी आम्ही त्यांचा दिवस उलगडत बसलो. सकाळी दीड तास आरशासमोर: भांग फिरवायचा, पिना खोचायच्या, मोकळ्या जागेवर काळी पावडर चोळायची. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी दुकानातला पंखा बंद, कारण वाऱ्यानं केस हलतात. एसटीत खिडकी नको. मोटारसायकलवर मागं बसणं नको. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला खाली वाकून नमस्कार करावा लागतो म्हणून तीन वर्षं तिथंही जाणं नाही. आणि मग सहज, जाता जाता सांगावं तसं म्हणाल्या, "माप घ्यायचं सोडलं मी."

परकराची उंची घ्यायची तर शिवणारणीला गिऱ्हाइकाच्या पायाशी बसावं लागतं. गिऱ्हाईक वरून बघतं. म्हणून त्या दारातूनच सांगायच्या, मापाचा ब्लाऊज घेऊन या, परकर घेऊन या. ज्यांना नवं माप लागतं त्या, म्हणजे नव्या नवऱ्या आणि बाळंतपणानंतर अंग बदललेल्या बायका, हळूहळू दुसरीकडं गेल्या. आजारानं टाळूवरची चार बोटं जागा घेतली होती. बाकीचं सगळं लपवण्यानं घेतलं होतं.

आता माझ्या चुकीकडं येते. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेली ही पद्धत मराठीत एका अक्षरात सांगता येते, आणि ते अक्षर म्हणजे 'च'. केस असावेत ही इच्छा. केस असायलाच हवेत हा हट्ट. दुःख इच्छेतूनही होतं, पण माणूस मोडतो तो हट्टानं. वीस वर्षं मी लोकांच्या वाक्यांतले 'च' शोधतेय आणि बऱ्यापैकी शोधते, असं म्हणायला हरकत नाही. सुनंदाताईंच्या बोलण्यातलेही मी शोधले, त्यांना दाखवले. त्यांनी मान हलवली, "बरोबर आहे तुमचं" म्हणाल्या. आणि निघताना दारात पुन्हा तेच: केस येतेल का?

चौथ्या भेटीत मी माझ्या मते हुकमी पान टाकलं. त्यांच्या वन्स आदल्या वर्षी तिरुपतीला जाऊन केस देऊन आल्या होत्या, हे मला माहीत होतं.

"वन्स गावात कशा फिरायच्या?"

"डोकं उघडं टाकून. लई मिरवल्या."

"त्यांना कुणी नावं ठेवली?"

"नाही. उलट पाया पडले लोक."

"म्हणजे बिनकेसांचं डोकं वाईट नसतं. आपण त्याला काय अर्थ देतो..."

माझं वाक्य पुरं झालं नाही.

"त्यांचे येणार होते, मॅडम." त्या थांबल्या. "माझे येणार नाहीत."

चार वर्षांत हे वाक्य डॉक्टर बोलले होते, मी बोलले होते. त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा आलं. मग रडणं आलं. पदर डोक्यावरून घसरला तरी त्यांनी तो सावरला नाही. मी काही बोलले नाही. खोलीतला पंखा फिरत होता. त्या आल्या की मी तो बंद करायची आणि त्या दिवशी विसरले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांच्या आलं नाही.

माझा युक्तिवाद सपशेल हरला होता, आणि तो हरला म्हणून काम झालं. घरात माणूस गेलं तर आपण दहा-तेरा दिवस देतो. भाकरी शेजारून येते, बाईला रडायला मोकळीक असते, आणि चौदाव्या दिवशी जग तिला पुन्हा कामाला लावतं. केस गेले तर असं काहीच नाही. उलट सगळे म्हणतात, "केसांचं काय एवढं?" म्हणजे गेलेलं गेलं असं कुणी म्हणू देत नाही आणि रडूही देत नाही. मग बाई काय करणार? वाट बघते. 'येतेल का' हा प्रश्न म्हणजे न धरलेलं सुतक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. 'च' काढायचा तो नंतर. रडण्याआधी काढायला गेलं की तो निघत नाही.

त्या दिवशी जाताना त्यांनी केसांचं विचारलं नाही. दारात उभं राहून म्हणाल्या, "मग आता माप कसं घ्यायचं?"

या प्रश्नाला उत्तर असतं. त्यांनीच ते शिवलं. ब्लाऊजच्या अस्तराचं सुती कापड, आतून मऊ, मागं गाठ, वेगवेगळ्या रंगांत चार रुमाल. आणि एक वाक्य आम्ही दोघींनी मिळून बेतलं, कारण विचारणारे विचारणारच: "टाळूचा आजार आहे, लागट नाही, औषध चालू आहे." बस्स. पुढं कुणी तेल सुचवलं तर "बरं" म्हणायचं आणि टेप उचलायचा. पहिलं माप धाकट्या जावेचं घेतलं, दुसरं शेजारणीचं. सगळ्या गावाला एकदम तोंड द्यायची गरज नसते.

ज्यांच्या मनात हीच काळजी आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. केस गळण्याबरोबर टाळूला खाज, आग, दुखणं असेल, कपाळावरची केसांची रेघ मागं सरकत असेल, भुवया विरळ होत असतील, तर घरगुती उपाय करत बसू नका. पाळी गेल्यानंतर काही बायकांत कपाळाकडून असं सुरू होतं. वय झालं म्हणून सोडून देतात. त्वचारोगतज्ज्ञांकडं जा. तुकडा काढायला सांगितला तर घाबरू नका, जागा बधिर करून साधारण ४ मिलिमीटरचा काढतात. औषधांचं काम पसरणं थांबवणं हे आहे. त्यामुळं "सहा महिने झाले, केस कुठं आले?" म्हणून मध्येच सोडून देणाऱ्या बायका बघितल्या की माझा जीव खालीवर होतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखी गोळी दिली असेल तर डोळ्यांची तपासणी चुकवू नका. केसांचं रोपण कुणी लगेच करून देतो म्हणाला, तर आजार शांत होऊन किती काळ झाला हे आधी डॉक्टरांना विचारा. जागत्या आजारात लावलेले केसही जाऊ शकतात. विग वापरावासा वाटला तर खुशाल वापरा. त्यात खोटेपणा कसला? चष्मा लावणाऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही.

घरच्यांना एकच विनंती. व्हॉट्सॲपवर आलेलं प्रत्येक तेल तिला पुढं पाठवू नका. तुम्ही प्रेमानं पाठवता, तिला वाचताना पुन्हा वाट बघायला बसावं लागतं. आणि सवाष्णीचा भांग, त्यातलं कुंकू यावरून टोमणा मारण्याआधी आठवा, याच महाराष्ट्रात विधवांचे केस सक्तीनं उतरवले जायचे आणि न्हाव्यांनीच पुढं होऊन ते काम नाकारलं होतं. बिनकेसांच्या बाईला अशुभ म्हणायची सवय त्या काळातली आहे. सुनंदाताईंच्या सासूबाईंना मी हे सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प बसल्या.

सुनंदाताईंची जागा गेल्या वर्षभरात वाढलेली नाही. वाईट दिवस येतात, लग्नाचे फोटो काढताना अजून मागच्या रांगेत जातात. शेवटच्या भेटीला मेमध्ये आल्या तेव्हा म्हणाल्या, दुकानात पंखा चालू असतो आता, बिल वाढलंय. मग माझ्याकडं जरा वेळ बघत राहिल्या.

"मॅडम, एक ब्लाऊज शिवून देते तुम्हाला."

आमच्या कामात असं काही घ्यायचं नसतं, मी सांगितलं.

"नका घेऊ. पण खांद्यावर उतरतोय तो, कुणी मापाच्या ब्लाऊजवरून शिवलाय ना? अंगावर माप घ्यायला लावा त्यांना."