“मला यंत्र बनवायचं नाही, कसलं यंत्र हवंय ते लोकांना दाखवायचंय”

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात आमचा चादरीचा छोटा कारखाना आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. गणित चांगलं आहे, चित्रकलेची इंटरमिजिएट ‘ए’ ग्रेडमध्ये पास झाली आहे. तिच्या बाबांचं म्हणणं, एआयचा जमाना आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच घे. ती म्हणते, “मला यंत्र बनवायचं नाही. आपल्याला कसलं यंत्र हवंय, ते लोकांना दाखवायचंय.” कॉलेजच्या प्रदर्शनात तिनं ‘२०५० सालचं सोलापूर’ अशी चित्रं लावली होती. सगळ्यांनी कौतुक केलं. पण कौतुकावर घर चालत नाही. असं काही करिअर खरंच असतं का? – एक आई

नमस्कार ताई,

चित्रांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. कारखान्याचं चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. सगळे माग आपोआप चाललेत, आजी खुर्चीवर बसून मोबाईलवर मागांवर लक्ष ठेवते आहे आणि दाराबाहेर कांड्या भरणारी बाई रिकामी टोपली घेऊन उभी आहे. नवं यंत्र आलं की कुणाचं काम सोपं होतं आणि कुणाचं जातं, हे तुमच्या लेकीनं एकही शब्द न लिहिता सांगितलंय. ही नुसती हौस नाही. या नजरेची आज गरज आहे, आणि ती शिकून धारदारही करता येते.

असं काम कुठं होतं, याचं उदाहरण तुमच्या जवळचंच देते. हैदराबाद रस्त्यानं जाताना जहीराबाद लागतं. त्या भागातल्या अलगोल गावात २००१ च्या जूनमध्ये ‘प्रजातीर्पु’ भरलं होतं, म्हणजे जनतेचा निवाडा. आंध्र प्रदेश सरकारचा तेव्हा ‘व्हिजन २०२०’ नावाचा आराखडा होता. त्यात शेतीत मोठी यंत्रं येणार होती, जनुकं बदललेली बियाणी येणार होती आणि शेतीवर जगणारी माणसं कमी व्हायची होती. अलगोलला छोट्या शेतकऱ्यांची ज्यूरी बसवली, त्यात बायका जास्त. त्यांच्या हातात जाडजूड अहवाल न देता वीस वर्षांनंतरची शेती व्हिडिओतून तीन तऱ्हांनी दाखवली. एक सरकारी आराखड्यातली, दुसरी निर्यातीसाठी सेंद्रिय माल पिकवणारी, तिसरी गावाची गरज गावातच भागवणारी. मग अधिकारी, शास्त्रज्ञ, कंपन्यांची माणसं साक्षीला आली आणि ज्यूरीनं त्यांना प्रश्न विचारले. शेवटी त्यांनी स्वतःला कसली शेती हवी ते मांडलं, आणि जनुकं बदललेली पिकं व मजुरांचं काम घेणारी यंत्रं नको म्हणून सांगितलं. आराखड्यामागे ब्रिटनचाही पैसा होता, त्यामुळे हा विषय ब्रिटिश संसदेपर्यंत गेला.

आता विचार करा, ते व्हिडिओ कुणीतरी लिहिले, चित्रित केले. तिन्ही भविष्यं खरी वाटतील आणि कुठल्याही एका बाजूला झुकणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागली असणार. तुमची मुलगी ज्याबद्दल बोलते ते काम हेच. माझं मत स्पष्ट आहे : तंत्रज्ञान लोकांवर येऊन आदळण्याआधी लोकांना ते डोळ्यांनी बघता आलं पाहिजे, त्यावर भांडता आलं पाहिजे. त्यासाठी इंजिनिअर लागतात, तसे चित्रकार, नाटकवाले, लेखकही लागतात.

तिच्या बाबांनाही एक सांगा. चादरीत नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या पत्त्याला जिथं भोक असतं तिथला उभा धागा उचलला जातो, हे ते रोज बघतात. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जेकार्ड मागावर आलेली हीच पत्त्यांची युक्ती इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी घेतली. ते यंत्र कधी पूर्ण झालंच नाही. तरी १८४३ मध्ये त्या यंत्राचा अभ्यास करणाऱ्या एडा लव्हलेस या गणितज्ञ बाईनं लिहून ठेवलं की असं यंत्र आकड्यांपलीकडे जाऊन संगीतही रचू शकेल. कॉम्प्युटर यायला तेव्हा शंभर वर्षं होती. आपल्याकडचं उदाहरण हवं तर र. कृ. जोशींचं घ्या. ते कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवायचे. विंडोजवर मराठी ज्यात उमटायची तो ‘मंगल’ फॉन्ट त्यांनी घडवला. अक्षराची जाण असलेला माणूस तिथं नसता, तर आपली जोडाक्षरं कशी दिसली असती कोण जाणे.

आता रस्ता. बारावीनंतर डिझाइनची चार वर्षांची पदवी असते, बी. डेस. आयआयटी मुंबई, गुवाहाटी, हैदराबाद अशा संस्थांमधला प्रवेश ‘यूसीड’ परीक्षेतून होतो. ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत, आणि कुठल्याही शाखेचा विद्यार्थी ती देऊ शकतो. चित्र काढायचा भाग त्यात असतोच. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रवेश परीक्षा वेगळी. तिनं दोन्ही द्याव्यात आणि सोबत इंजिनिअरिंगच्या सीईटीचा फॉर्मही भरावा. जागा कमी आहेत, पहिल्या झटक्यात नाही मिळाली तर सोलापुरातच इंजिनिअरिंग करून पुढे ‘सीड’ ही परीक्षा देऊन एम. डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला, जाता येतं. मला तर हा दुसरा रस्ता कमी प्रतीचा मुळीच वाटत नाही. यंत्र आतून कळलेला कलाकार दुर्मिळ असतो.

पगाराचं खरं सांगते. नुसतं ‘लोकांना भविष्य दाखवा’ अशी नोकरीची जाहिरात सहसा येत नाही. सुरुवातीला पुण्या-बंगळुरूत ॲपच्या स्क्रीन आखायचं काम मिळेल, किंवा विज्ञान संग्रहालयाचं, नाहीतर एखाद्या संस्थेत शेतकरी-कामगारांसाठी साधनं घडवायचं. मनासारखं काम हळूहळू स्वतः उभं करावं लागतं. हे तिला आत्ताच माहीत असू द्या, म्हणजे नंतर खचणार नाही.

या सुट्टीत तिला एक काम सांगा. कारखान्याचं ते चित्र घेऊन तिनं तुमच्याच मागवाल्यांकडे आणि कांड्या भरणाऱ्या बायकांकडे जावं. यात काय हवं, काय नको, हे मराठीत, तेलुगूत, ज्याला जे सोपं त्या भाषेत विचारावं आणि बोलणं जसंच्या तसं वहीत उतरवावं. मग चित्र पुन्हा काढावं. दोन्ही चित्रं आणि मधली वही जपून ठेवा. पुढे कुठं मुलाखतीची वेळ आली तर दाखवायला यापेक्षा चांगलं काही नसेल. दाराबाहेरच्या त्या बाईला मात्र नक्की विचारायला सांगा.

आणि गणिताची शिकवणी बंद करू नका.