औषध कोणतं आणू हे ठरवण्याआधी सिंकखाली टॉर्च मारा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कोथरूडला तळमजल्यावरचा 25 वर्षांचा जुना फ्लॅट, महिनाभर रात्री स्वयंपाकघरात खुडबुड, बिस्किटांचे पुडे आणि बटाटे कुरतडलेले. विषारी केक ठेवले, एक उंदीर कपाटामागे मेला, घरभर वास सुटला, आणि आठवड्याच्या आत पुन्हा खुडबुड सुरू. घरात 14 महिन्यांची मुलगी रांगतेय. आणि तुम्ही विचारताय, याहून जालीम औषध कोणतं.

जालीम औषध आणू नका. ठेवलेले केकही आजच उचला, किती ठेवले होते ते मोजून उचला. तुमच्याकडचा उंदीर बहुतेक घरात राहत नाही, तो रोज रात्री येतो. येणाऱ्याला मारलं की त्याच वाटेने दुसरा येतो. तुमच्याकडे आठवड्यात नेमकं तेच झालं. वाट सापडली पाहिजे आणि ती बुजली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतरचं.

मी लहानपणी गुहागरकडच्या कौलारू घरात राहिले, लग्नानंतर 11 वर्षं गिरगावातल्या चाळीत, आणि आता बरीच वर्षं डोंबिवलीत, तुमच्यासारखीच तळमजल्यावर. तिन्हीकडे उंदरांशी गाठ पडली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कोण येतंय ते बघा, कारण त्यावर पुढचं ठरतं. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार आणि पुष्कळ असतील तर ती छोटी घरातली उंदरं. सेंटिमीटरभर किंवा त्याहून लांब असतील तर मोठा उंदीर. त्याची शेपूट अंगापेक्षा लांब असेल तर तो चढणारा. पाइपावरून, केबलवरून, झाडावरून पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर सहज जातो. आणि बाहेर भिंतीच्या कडेला भोक आणि भोकापुढे मोकळ्या मातीचा ढीग दिसला तर ती घूस. घूस चढण्यापेक्षा खणते, गटाराच्या बाजूने येते. उग्र वास सोडत भिंतीच्या कडेकडेने चिक् चिक् करत पळणारी चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. तिचं मुख्य खाणं किडे आणि झुरळं. तिला मारू नका, दार उघडून केरसुणीने बाहेर वाट दाखवली की पुरे.

कळत नसेल तर रांगोळी वापरा. रात्री झोपताना ओट्याखाली, फ्रिजच्या मागे, बाथरूमच्या उंबऱ्याशी रांगोळीची पूड अगदी पातळ भुरभुरून ठेवा. सकाळी उजेड तिरका पाडून बघा. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, मध्ये कधी शेपटीची रेघ. पावलं कुठून निघाली ते महत्त्वाचं, कुठे गेली ते नाही. बाळ उठायच्या आत पूड पुसून घ्या.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे हेच झालं. मी दारं-खिडक्या बघत बसले होते, पिंजरा लावला होता, एक सापडला, दुसरा सापडला, तिसरा आला. शेवटी एका संध्याकाळी ओट्याखालची ट्रॉली पूर्ण बाहेर काढली आणि पोटावर झोपून टॉर्च मारला. सिंकचा पाइप भिंतीत जातो तिथे प्लंबरने पाइपापेक्षा दीडपट मोठं भोक पाडलं होतं आणि भोवती नुसतं पांढरं सिमेंट लिंपलं होतं. त्याचा एक तुकडा पडलेला. फट माझ्या करंगळीएवढी. फटीच्या खालच्या कडेला काळपट, तेलकट डाग होता, हात लावला तर चिकट. उंदीर रोज एकाच जागेवरून अंग घासत जातो, त्याच्या अंगाचा तो मळ. असा डाग दिसला की वाट सापडली समजा. डाग जुना आहे की चालू, हे बघायचं असेल तर फटीत वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबून ठेवा. सकाळी बाहेर ढकललेला दिसला तर वाट चालू आहे.

किती बारीक फट बघायची? शाळेतली पेन्सिल जाईल एवढी. छोटं उंदीर 6 मिलिमीटरच्या फटीतून आत येतं. डोकं गेलं की अंग जातं. म्हणून टॉर्चबरोबर हातात पेन्सिल ठेवा आणि जिथे ती आत जाईल तिथे खडूने खूण करा. तुमच्या घरात मी या क्रमाने बघेन: सिंकचा पाइप, वॉशिंग मशीनचा पाइप, गॅसच्या नळीचं भोक, एसीच्या तांब्याच्या नळ्या, बाथरूम आणि धुण्याच्या जागेची जाळी, मुख्य दाराखालची फट, आणि डक्टकडे, म्हणजे पाइप जातात त्या इमारतीतल्या उभ्या पोकळीकडे उघडणाऱ्या खिडक्या. जुन्या सोसायट्यांमध्ये डक्ट म्हणजे उंदरांचा जिनाच असतो. एक्झॉस्ट फॅनचं भोक लोक हमखास विसरतात.

बुजवायचं कसं, इथे घाई करू नका. नुसतं पीओपी, पांढरं सिमेंट, थर्माकोल किंवा फवाऱ्याचा फोम उंदीर एका रात्रीत कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काही ना काही कुरतडावंच लागतं. भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी घ्या, न गंजणारी. ती उलगडून फटीत घट्ट ठासायची, स्क्रू-ड्रायव्हरने आत ढकलायची, आणि वरून सिमेंट किंवा एम-सील. तारा दातांत अडकतात, तो नाद सोडतो. मोठं भोक असेल तर 6 मिलिमीटर चौकटीची लोखंडी जाळी कापून बसवा. नायलॉनची डासांची जाळी उंदराला अडवत नाही. दाराखाली अॅल्युमिनियमची ब्रशवाली पट्टी मिळते. दार लाकडी असेल आणि खालची कड कुरतडलेली असेल तर बाहेरून वीतभर उंचीचा पत्रा ठोकून घ्या. नहाणीच्या जाळीला झाकण असतं तसं बसवा, आणि रात्री ते बंद आहे ना ते बघूनच झोपा. माझ्या ओळखीच्या दोन घरांत सगळं बुजवून झाल्यावर उंदीर त्या उघड्या नहाणीतूनच आला.

बाहेर घुशीचं भोक असेल तर जुने गवंडी फुटक्या बाटल्यांची काच सिमेंटमध्ये कालवून भरतात. ती पद्धत खरंच टिकते. फक्त काच हाताळताना जाड हातमोजे घाला आणि मुलं खेळतात ती जागा असेल तर वरून फरशी बसवा.

सगळी भोकं शक्यतो एकाच दिवशी बुजवा. निम्मी आज, निम्मी पुढच्या रविवारी, असं केलं तर तो तोवर नवी वाट काढतो. आत एखादा अडकला असेल तर त्यासाठी पिंजरा.

पिंजऱ्याबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते: ठेवतो पण सापडत नाही. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, काही दिवस तिच्या जवळ जात नाही. म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधून ठेवा आणि आत रोज खाऊ ठेवा. तो निर्धास्त खायला लागला की मग दार लावा. जागा भिंतीला लागून, त्याच्या वाटेवर; खोलीच्या मध्ये ठेवलेला पिंजरा रिकामाच राहतो. खाऊ म्हणून गावी आम्ही गॅसवर जरा भाजलेलं सुकं खोबरं लावायचो, तेल सुटलं पाहिजे. सुका बोंबील त्याहून चांगला. भजीचा तुकडाही चालतो. तारेला दोऱ्याने बांधा, नाहीतर तो ओढून घेऊन पळतो. आणि त्या रात्री ओट्यावर, ओट्याखाली, कचऱ्याच्या डब्यात दुसरं काहीही खायला नको. कचरा रात्री घरात नसावा. डाळ-तांदूळ-पीठ डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. बटाटे-कांदे तारेच्या टोपलीत वर टांगा. उंदराला दाबून मारणारा स्प्रिंगचा चाप मात्र रांगतं बाळ घरात असताना मी लावणार नाही.

गोंदाचा सापळा आणू नका. उंदीर त्यावर तासन् तास जिवंत तडफडतो, स्वतःचा पाय तोडतो, भीतीने त्यावरच मुततो. भारतीय पशु कल्याण मंडळानेही तो वापरू नये म्हणून राज्यांना कळवलं आहे. आणि प्लगला लावायची ती आवाजाची यंत्रं: आवाज कपाटापलीकडे जात नाही, आणि आठवड्याभरात उंदराला त्याची सवय होते. त्या पैशात तुमची सगळी जाळी येईल.

आता विषाबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तो होता आणि मला त्याचीच काळजी वाटते. तुम्ही ठेवलेल्या केकमध्ये बहुतेक ब्रोमॅडिओलोन असणार. त्याने रक्त गोठणं बंद होतं, उंदीर लगेच मरत नाही, चार-सात दिवसांनी मरतो, आणि मरतो तो कपाटामागे, फॉल्स सीलिंगवर, भिंतीच्या पोकळीत. वास त्याचाच. यावर निदान उतारा आहे, के जीवनसत्त्व. आमच्या सोसायटीतल्या एका कुत्रीने असा केक खाल्ला होता. तिला महिनाभर त्या गोळ्या द्याव्या लागल्या, पण ती वाचली. ट्यूबमधून मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट आणि गावाकडे पिठात कालवतात ती काळसर झिंक फॉस्फाइडची पूड, या दोन्हींवर उतारा नाही. पेस्ट तर टूथपेस्टसारखी दिसते. ती पोटात गेल्यावर माणूस एक-दोन दिवस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होत जातं. रांगणारं मूल दिसेल ते तोंडात घालतं. अशी वस्तू त्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवरसुद्धा नको. केक मोजून उचलायला सांगितलं ते यासाठीच. एखादा कमी भरला आणि मुलीने खाल्ल्याची जराही शंका आली, तर ती बरी दिसते म्हणून थांबू नका. पाकीट बरोबर घेऊन थेट दवाखान्यात जा. पाकीट टाकून देऊ नका. उलटी करवू नका.

गावी विषाचा आणखी एक तोटा दिसतो. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो आणि तोच गव्हाणी घुबडाच्या नाहीतर धामणीच्या तोंडी लागतो. आमच्या माळ्यावर घुबडांची जोडी होती तेव्हा भाताला उंदीर कमी असायचा. त्या जोडीला घरातलं कोणी हात लावत नसे.

लेंड्या झाडूने कोरड्या झाडू नका. धूळ नाकात जाते. तोंडाला रुमाल, हातात मोजे, ब्लीचचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा आणि कागदाने पुसून घ्या. मेलेला उंदीर हाताने उचलायचा नाही. पिशवी हातावर घालून उचला आणि तीच उलटी करून गाठ मारा. माझी आजी ‘उंदीर पडले’ हे शब्द उच्चारताना आवाज खाली आणायची. तिच्या लहानपणी प्लेगमध्ये घरात उंदीर मरून पडायला लागले की अख्खा गाव घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहायचा. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात, हे त्या लोकांना पुस्तकातून कळलं नव्हतं, पण घर सोडायचं हे कळलं होतं. आजच्या दिवसांत तुम्हाला जास्त धोका लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा. उंदराचं मूत मिसळलेल्या पाण्यातून तो होतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. पावसाळ्यात आवारात पाणी साचलं आणि पायाला जखम असेल तर त्यातून चालू नका. चाललातच आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

शेवटचं काम सोसायटीचं आहे, तुमच्या एकट्याचं नाही. कचऱ्याच्या जागेला झाकण, गटारावरच्या फुटक्या लाद्या, भिंतीला टेकलेल्या झाडांच्या फांद्या, डक्टमध्ये टाकलेलं सामान. सेक्रेटरींना लेखी द्या आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातही तक्रार नोंदवा. मुंबईत तर महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक असतात, रात्रीला 30 उंदरांचं काम नेमून दिलेले. काठी आणि टॉर्च घेऊन गटारं धुंडाळतात ती माणसं. तरीही उघडं गटार उघडंच राहिलं तर त्यांचं कष्टाचं काम वाया जातं.

या शनिवारी ट्रॉली बाहेर काढा. बाळाला तेवढा वेळ कोणाकडे तरी द्या. सिंकखालचा, वॉशिंग मशीनमागचा आणि नहाणीच्या जाळीचा फोटो टाका, पेन्सिल शेजारी ठेवून, म्हणजे फटीचा अंदाज येईल. बघून कुठे जाळी लागेल आणि कुठे नुसती घासणी चालेल ते सांगते.