असा कोणता चित्रपट आहे ज्याला मोठा पुरस्कार मिळायलाच हवा होता, पण मिळाला नाही म्हणून तुम्हाला अजूनही राग येतो?

ऑल वी इमॅजिन ॲज लाइट. दुसरं नावच डोक्यात येत नाही.

म्हणजे पुरस्कार मिळालेच नाहीत असं नाही हं, 2024 ला फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या नंबरचा पुरस्कार मिळाला, आणि तिथल्या मुख्य स्पर्धेत आपला सिनेमा जायलाच 30 वर्षं लागली होती. माझा राग ऑस्करचा आहे. तिथे परदेशी सिनेमाच्या कॅटेगरीत तेव्हा एका देशातून एकच सिनेमा जायचा, आपल्याकडे तो फिल्म फेडरेशनच्या ज्युरीने ठरवायचा होता, आणि त्यांनी पाठवला लापता लेडीज. बरं ठीक आहे, आवडनिवड असते. पण फेडरेशनचे अध्यक्ष नंतर काय म्हणाले, तर ज्युरीला ऑल वी इमॅजिन हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. इथे माझं डोकं फिरलं.

अहो, त्यात ती पार्वती आहे ना, हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, नवरा गिरणीत होता तो गेला, इतकी वर्षं ज्या खोलीत राहिली तिथून बिल्डर हाकलतोय आणि हातात एक कागद नाही दाखवायला, शेवटी कंटाळून सामान बांधून रत्नागिरीकडे गावाला निघून जाते. ही युरोपियन? आमच्या लालबागच्या चाळीत दर मजल्यावर एक पार्वती होती. ती आणि तिच्याच हॉस्पिटलातली नर्स प्रभा रात्री बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात तेव्हा मी थिएटरात चक्क शिट्टी मारली, आजूबाजूला मोजून दहा-बारा माणसं, सगळी वळून बघायला लागली.

आणि गंमत बघा, पार्वती म्हणजे छाया कदम, आणि लापता लेडीजमधली स्टेशनवरची मंजू माई पण छाया कदमच! म्हणजे धड शिव्या पण घालता येईनात. मंजू माई मला आवडतेच, ब्रेड पकोडे तळता तळता काय सुनावते ती. त्या सिनेमावर राग नाहीच, तो डिसेंबरात ऑस्करच्या निवडक 15 सिनेमांच्या यादीतसुद्धा आला नाही तेव्हा वाईटच वाटलं.

ऑल वी इमॅजिनमध्ये फ्रान्सचाही पैसा होता म्हणून ऑस्करला काय पाठवायचं याच्या त्यांच्या यादीत पण हा होता, त्यांनी एमिलिया पेरेझ पाठवला आणि त्याला 13 नामांकनं मिळाली, म्हणजे त्यांना निदान हिशोब तरी कळत होता म्हणायचं. आपला मात्र ना इकडून गेला ना तिकडून. बाकीच्या कॅटेगरीत देशाने पाठवायची गरज नसते, तिथेही शून्य.

आता यात माझं काय गेलं असं बायको विचारते. बरोबर आहे तिचं, मला थोडीच स्टेजवर जायचं होतं. पण आईला घेऊन गेलो होतो बघायला. नर्सांच्या मल्याळममध्ये ती पेंगत होती, पार्वती मराठी बोलायला लागली तशी सावरून बसली. इंटरव्हलला समोसा नको म्हणाली. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मला म्हणाली, ती ट्रंक खाली काढ रे, बाबांच्या भाडेपावत्या आहेत का बघू दे एकदा.