२०० फुटांवरून काय दिसतं?

प्रश्न : धुक्यात उतरताना एक छोटं मालवाहू विमान रनवेच्या अलीकडेच आपटल्याचं वाचलं. माझा भाऊ कुरियरच्या गोडाऊनला रात्रपाळीला असतो, तो म्हणतो आता ऑटोपायलट असतो, दिसलं नाही तरी चालतं. मग पडतं कसं? आणि आता तर विमानतळ आमच्या दारातच आलाय.
– एक वाचक भगिनी, सीवूड्स

उत्तर : ताई, भावाचं अर्धं बरोबर आहे. आयएलएस नावाची सिस्टीम असते, ती रनवेजवळून दोन रेडिओ सिग्नल सोडते, एक डावं-उजवं सांगतो, दुसरा उतार, आणि ते धरून विमान ढगातून काही न दिसता खाली येतं. पण साध्या, म्हणजे कॅट वन आयएलएसवर साधारण २०० फुटांपर्यंतच हं. तिथे रनवे किंवा त्याचे दिवे दिसलेच पाहिजेत, नाहीतर पॉवर देऊन परत वर, यालाच गो-अराउंड म्हणतात. २०० फूट म्हणजे पाम बीच रोडवरचा वीस मजली टॉवर धरा. छोटं विमान ताशी सव्वादोनशे किलोमीटरने येत असेल तर तिथून जमीन वीसेक सेकंदांवर. वीस आकडे मोजून बघा, विचार करायला किती वेळ मिळतो ते.

आणि धुकं फसवतं. टॉवरच्या गच्चीवरून खाली बघितलं तर रस्ता दिसतो, पण त्याच रस्त्यावर स्कूटर घेऊन उतरलात की समोरची रिक्षा दिसत नाही, कारण आता धुक्यातून आडवं बघताय. पायलटचंही तसंच, वरून रनवे दिसला म्हणून तो खाली येतो आणि ऐन वेळी सगळं पांढरं. सेसना कॅरॅव्हानसारखं छोटं कार्गो विमान तर एकटा पायलटही उडवू शकतो, म्हणजे मीटर बघायचा त्यानेच आणि बाहेरही त्यानेच. दोघं असले तरी चुका होतातच म्हणा. १४ ऑगस्ट २०१३ ला पहाटे अमेरिकेत बर्मिंगहॅमला यूपीएसचं मोठं कार्गो विमान रनवेच्या अलीकडेच पडलं, दोन्ही पायलट गेले. मेन रनवे दिव्यांच्या कामासाठी बंद होता, आणि दुसऱ्या रनवेला डावं-उजवं सांगणारा सिग्नल होता, उताराचा नव्हता. ढग त्यांना वाटलं त्यापेक्षा खाली होते आणि उंचीकडे लक्ष राहिलं नाही.

आपल्याकडे धुक्यापेक्षा पावसाची भीती जास्त. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत भर पावसात एक छोटं खासगी जेट उतरताना रनवेवरून घसरलं, तेव्हा ७०० मीटरपर्यंत दिसत होतं, कॅट वनला लागतात त्या ५५० पेक्षा जास्तच की! आठही जण वाचले, नशीब.

नवी मुंबईहून फ्लाइट्स २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाल्या, त्यामुळे पावसाळ्यात कधी खिडकीतून विमान खाली येता येता एकदम आवाज करत वर चढताना दिसलं तर घाबरू नका, ते गो-अराउंड.